मोहाचा घेर

दीपमालाने टेपचं टोक मोहाच्या खोडाला लावलं मात्र, ताईबाई करवंदीच्या जाळीतून ओरडतच बाहेर आली.

"हात काढ! मनं झाड शे ते!"

सकाळपासून ती या मोजणीवाल्यांच्या मागावरच होती. वनरक्षक तौफिक गावातल्या बायांना जंगलातली झाडं मोजायला शिकवत होता. छातीच्या उंचीला काठी लावायची, तिथून कापडी टेप गुंडाळायचा, घेर सांगायचा. सागाला गुंडाळा नाहीतर धावड्याला, ताईबाईचं काय जात होतं? पण मोहाची गोष्ट वेगळी. फुलं गळायच्या आधी जो चार माणसांदेखत मोहाला वेढा घालून गाठ मारेल, त्या सालची फुलं त्याची. सातपुड्याच्या पायथ्याशी ही रीत शेंबड्या पोरालाही ठाऊक. एकट्या ताईबाईचं तर वर्ष त्या फुलांवर निघायचं. अमावास्या सरली की ती दोरी बांधणार होती, आणि नेमकी ही मोजणी उपटली.

बरं, टेप कोणाच्या हातात? जावेच्या सुनेच्या! सुनंदाबाईचा या मोहावर कधीचा डोळा. बरी धाडली सून शिकायला!

"अक्का, नुसता घेर मोजायचाय," तौफिक म्हणाला. "लगेच सोडायचा."

"मंग टोक मी धरसू."

धरलं तिने, मुठीत आवळून. पण खोड केवढं! एकटीला वेढा घालता येईना. टोक धरून फिरावं तर टेप घसरून खाली येई, आणि टोक सोडायला तर तिचा जीव होईना. बाया पदराआड हसायला लागल्या. शेवटी दुसरं टोक दीपमालाच्या हाती द्यावंच लागलं. ती खोडामागे दिसेनाशी झाली, तशी ताईबाई मान लांबवून मागे बघायला लागली.

पोरगी दुसऱ्या बाजूने आली. टेप ताईबाईच्या मुठीपाशी टेकवला, आकडा मोठ्याने वाचला. तौफिकने मान डोलावली. मोजून झालं होतं, पण दीपमालाची बोटं टेपवरून उठेनात. चार बाया बघतच होत्या.

"सोड ना!" ताईबाई तिच्या तोंडाशी तोंड नेऊन म्हणाली. "तुनी सासूनी काय सांगीसन धाडं तुले?"

दीपमाला असोद्याची, केळीच्या मळ्यांत वाढलेली. मोहाची रीत तिला लग्नानंतर कळलेली. तिने खाली बघितलं आणि हळूच म्हणाली, "हेच. सगळ्यांदेखत गाठ मार म्हणून."

पोरगी कानांवर हात ठेवेल, अशी ताईबाईची खात्री होती. तोंडात तयार ठेवलेल्या शिव्या तिथेच राहिल्या.

दीपमालाने बोटं उघडली. टेप सुटला आणि खोडावरून पायांशी पडला.

"आते घर जाईसन काय सांगशी?" ताईबाईने विचारलं. तिचा आवाज एकदम उतरला होता.

दीपमाला खाली बसून टेप गुंडाळू लागली. मोजून उरलेलाच एवढा होता, की त्यात आणखी एक झाड मावलं असतं.

"सांगेन," ती म्हणाली, "गाठीपुरता टेपच उरला नाही."