अर्ज कुणी केला

अर्जुनरावांनी जुन्या टायरांच्या ढिगावर ताडपत्री ओढली आणि कुंपणापलीकडच्या सटवाला दरडावलं, “प्रदूषणवाल्यांकडं अर्ज तूच केला बे.”

सटवा शेजारचा शेतकरी. भेंडी तोडता तोडताच म्हणाला, “मी न्हाई केला. करायला पायजे होता, हे मात्र खरं. भेंडीवर काजळी बसायलीय माझ्या.”

अर्जुनरावांचं गुऱ्हाळ घाटनांदूरच्या शिवारात होतं. उसाची चिपाडं आठ दिवस वाळवली की चुलाण मजेत पेटतं, पण तेवढा दम अर्जुनरावांना कुठला? मांजरसुंब्याचे पंक्चरवाले टायर फुकट देत, तेच ते जाळत. चुलाणात जळण टाकायला सुनिता ही मजूरबाई होती. पाच महिन्यांची पोटुशी, आणि सकाळी खोकली की थुंकी काळी पडायची.

अर्जुनरावांची बायको भिवराबाई यावरून रोज भांडायची. “एक शेड टाका, चिपाडं वाळू द्या. त्या पोरीचा जीव जाईल अशानं.”

“तुला काय कळतंय धंद्यातलं?”

काल तर तिनं चार टायर ओढत नेऊन उकिरड्यावर टाकले. अर्जुनरावांनी ते निमूट परत आणले.

खरं तर गुऱ्हाळ भिवराबाईच्याच नावावर होतं. बाईला सबसिडी जास्त मिळते ना! कागदावर बाई आणि खुर्चीत बाप्या, ही रीत आपल्याकडं सरपंचकीपासून गुऱ्हाळापर्यंत बिनबोभाट चालते. म्हणून तर प्रदूषणवाल्यांचे साहेब आज तपासणीला येणार हे कळूनही अर्जुनराव निवांत होते. त्यांनी बायकोला पढवून ठेवलं:

“साहेब आले की म्हणायचं, मालक मीच, अडाणी हाय, मला काय कळत न्हाई. बाईमाणसाला समज देऊन सोडत्यात.”

“बरं,” भिवराबाई म्हणाली.

सुनितानं ते ऐकलं आणि तोंड फिरवलं. तिला लई वाईट वाटलं. बाई कितीही भांडली तरी वेळेला नवऱ्याचीच.

दुपारी साहेब आले. त्यांनी ताडपत्री उचलून बघितली. “मालक कोण?”

“ही,” अर्जुनराव पटकन म्हणाले. “मी आपला देखरेखीला.”

“मालक मीच,” भिवराबाई म्हणाली. “टायर माझ्याच चुलाणात जळत्यात. काय दंड व्हायचा तो मला करा.”

“दंड तर होईलच. टायर आजच उचलायचे. चिपाडाची शेड होईपर्यंत गुऱ्हाळ बंद.”

“चालंल.”

“चालंल कसं?” अर्जुनराव पुढं सरसावले. “साहेब, तिला काय कळत न्हाई. मला आधी अर्ज कुणी केला ते कळू द्या. बघतोच त्याच्याकडं.”

साहेबांनी भिवराबाईकडं बघितलं. तिनं होकारार्थी मान हलवली. मग त्यांनी फाईलमधला अर्ज काढून अर्जुनरावांच्या हातात दिला.

खाली सही होती: भिवराबाई अर्जुनराव तांदळे, गुऱ्हाळमालक.