पत्र्याखालची ऊब

कुरुळीतल्या पत्र्याच्या खोलीत थंडीने कुसुमताईंचा ऑपरेशन केलेला गुडघा ठणकू लागला, तसा मुलगा सुजित हप्त्यावर हीटर आणायला निघाला. त्याच गुडघ्याचं कर्ज अजून फिटायचं होतं. "नको रे, मी लातूरला लेकीकडे जाते," त्या म्हणाल्या. "दोघंही थांबा जरा," म्हणत सून वर्षाली उठली. तिने उदबत्ती पेटवली आणि दाराच्या फटीवरून, भिंतीच्या कडेने, पत्र्याखालून फिरवली. कुसुमताईंनी भक्तिभावाने हात जोडले. "आरती नाही हो आई, वारा शोधतेय," वर्षाली हसली. जिथे धूर थरथरला, तिथे तिने भंगारवाल्याकडून आणलेला पॅकिंगचा फोम सुजितकडून ठासून घेतला. "आधी फटी, मग कर्ज, हीटरचं नंतर बघू." सकाळी कुसुमताई न कण्हता उठल्या. त्यांनी लेकीला फोन लावला. "मी काय येत नसते आता. माझी सून वाऱ्यालासुद्धा विचारल्याशिवाय घरात घेत नाही."