ब्रशने उघडलेले डोळे

"बंद करा ते," महानंदा म्हणाली.

टीव्हीवर एक म्हातारा ब्रशचं टोक जिभेवर ओलं करून फोटोतल्या मेलेल्या बाईला बुबुळं काढत होता. एक काढलं, पुन्हा ब्रश जिभेला लावला, मग दुसरं काढलं. महानंदाने तोंड फिरवलं.

जेबाने रिमोट हातात घेतला, पण दाबला नाही. टीव्हीवरचा म्हातारा जेबाचा आजा, खाजा. नांदेडला स्टेशनजवळच्या फुटपाथवर पडदा बांधून त्याने चाळीस वर्षं येणाऱ्याजाणाऱ्यांचे फोटो काढले; गल्लीपलीकडे त्याला कुणी ओळखत नव्हतं. तो जाण्याआधी जेबाने त्याला बोलतं करून तासाभराचा माहितीपट केला. त्यात महानंदाच्या आईचा, शिवकांताचा फोटो होता. घरच्यांना विचारल्याशिवाय तो बाहेर दाखवायचा नाही, म्हणून ती लातूरला आली होती.

महानंदाचं उत्तर ठरलेलं होतं. भूकंपात गेलेल्या आपल्या आईचं प्रेत चार लोकांनी वेफर्स खात बघावं, हे तिला चालणार नव्हतं. आईची म्हणून तिच्याकडे तेवढीच एक वस्तू होती, भिंतीवरची तसबीर. भूकंप झाला तेव्हा महानंदा दीड वर्षाची होती. तिला दुसरं काहीच आठवत नव्हतं. बारावीच्या प्रत्येक पेपरला ती त्या तसबिरीच्या डोळ्यांत बघून निघायची. आता क्लासमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवायला जातानाही तसंच.

दाराशी मावशी मेथी निवडत बसली होती. नागरबाई, शिवकांताची धाकटी बहीण. दोघी एका साच्यातल्या, असं महानंदाचे वडील, अप्पा, सांगायचे. भूकंपाच्या वर्षी बिदरकडून गणपतीला म्हणून पाहुणी आलेली, अंगणात झोपली म्हणून वाचली. आईला जाऊन वर्ष व्हायच्या आत अप्पांनी तिच्याशी लग्न केलं आणि लातूर गाठलं. पोरीसाठी केलं, म्हणायचे. गावाकडच्या कुणाला पुन्हा उंबरा चढू दिला नाही. अप्पा गेले तरी महानंदाने ते लग्न माफ केलं नव्हतं. मावशीला तिने कधी आई म्हटलं नाही. हाक मारलीच तर चहापाण्यापुरती. मावशीही कधी त्या तसबिरीला हार घालायची नाही, आणि हे महानंदाला जास्त झोंबायचं.

"दुसऱ्या दिवशी ट्रकात बसून गेलो," पडद्यावर खाजा सांगत होता. "वास असा की रुमाल बांधूनबी थांबंना. लोक हात धरायले, भाई, आमच्या माणसाचा एक फोटो काढ, घरात एकबी न्हाई. मी काढला. मग घरी आणून डोळे उघडले. मिटल्या डोळ्याचा फोटो भिंतीला कसा लावणार?"

महानंदाने वर तसबिरीकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली. म्हणजे हे डोळेही या माणसाच्या थुंकीतून आलेले. इतकी वर्षं आपण थुंकीला नमस्कार केला. तिला उठून हात धुवावेसे वाटले.

खाजा बोलतच होता. गावच्या यादीत ज्याचं नाव, त्याच्याच घरी सरकारी मदत. पाहुणी म्हणून आलेली बाई मेली, तर तिचं नाव कुठंच न्हाई. तिचं मरणबी फुकट गेलं, असं लोक बोलायचे. पंचनाम्याला फोटो जोडावा लागायचा आणि काहींची माणसं तर आधीच जाळून झालेली; तसल्यांनीही त्याच्याकडून फोटो काढून घेतले होते.

"ऐकलंत? चिता विझल्या नव्हत्या आणि यांचं हे चाललं होतं," महानंदा म्हणाली. "आणि तुमचा आजा त्यात हात धुऊन घेत होता. मला किळस येते तुमच्या या फिल्मची. आईचा फोटो काढून टाका."

जेबाने चित्र थांबवलं. तिचा चेहरा उतरला होता. "काढते, ताई. पण तुमच्या आईचे दोन फोटो आहेत. एकाच रोलावर, लागोपाठ. दुसरा आम्ही कुणालाच दाखवला न्हाई. तो तुमी बघावा, म्हणून मी आले."

प्रेताचे दोन दोन फोटो. महानंदा उठली. ती जेबाला घरातून जायला सांगणार होती.

"लाव, बाई," मावशी म्हणाली. तिने मेथीचं ताट बाजूला सारलं होतं.

पहिला फोटो आला. वाकलेल्या पत्र्याशेजारी चादरीवर शिवकांता, कपाळाला माती, डोळे मिटलेले. मग दुसरा. तोच पत्रा, तीच चादर, तेच लुगडं. बाई झाडाला टेकून बसली होती. पदराखाली एक पोर होतं, त्याचे दोन पाय तेवढे बाहेर. बाईचे डोळे सताड उघडे होते आणि ती घाबरून समोर बघत होती. या डोळ्यांना ब्रश लागलेला नव्हता.

"हा आधीचा असेल," महानंदा म्हणाली. "भूकंपाच्या आधीचा."

"न्हाई, ताई. निगेटिव्हवरचा नंबर पुढचा हाय."

महानंदा पडद्याकडे बघत राहिली. खाली रस्त्यावर क्लास सुटलेली पोरं सायकली काढत होती. मागून मावशीचा आवाज आला, अगदी हळू.

"तू लई रडायलीस, म्हणून उठले."