जावयाचं हसू

"ओठ मिटा ना," मी ह्यांच्या कानात पुटपुटले. "माझी आई गेलीय आणि तुम्ही हसताय असं वाटतंय."

"मिटत नाहीत." ह्यांच्या पुढच्या दातांवर कालच कॅप बसल्या होत्या, पांढऱ्याशुभ्र आणि जरा लांबच. ओठांना हळूहळू सवय होईल, असं डॉक्टर म्हणाले होते.

मूळचे दात वेडेवाकडे, म्हणून हे चारचौघांत कधी हसलेच नाहीत. लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा तोंडावर रुमाल. आई दर दिवाळीला म्हणायची, "जावईबापू, एकदा तरी मोकळं हसा हो!" यंदा पाडव्याला तिला हसून दाखवायचं, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

ह्यांनी खिशातून रुमाल काढला आणि पुन्हा तोंडावर धरला. शेजारच्या काकू हळहळल्या, "पोटच्या मुलासारखे रडतायत हो जावई."

आईला उचलायच्या आधी सगळे एकेक करून पाया पडले. ह्यांची पाळी आली. लोकांकडे पाठ करून हे तिच्या चेहऱ्यावर वाकले आणि रुमाल बाजूला घेतला. बराच वेळ उठले नाहीत.

मग माझ्याजवळ येऊन उभे राहिले, रुमाल पुन्हा तोंडावर.

"दाखवलं," म्हणाले.