आधी गॅस, मग झाकण

नासपतीची पहिलीच फोड जाड निघाली. कुणाच्या लक्षात यायच्या आत आईनं ती तोंडात टाकली आणि सुरी पुन्हा नीट धरली. स्वयंपाकघराच्या दारात तिची थोरली लेक हाताची घडी घालून उभी होती. धाकटा टेबलापाशी मोबाइल चाळत बसला होता. बाहेरच्या खोलीत सोफ्याला टेकून अर्धी भरलेली बॅग होती आणि तिच्यावर वृद्धाश्रमाचा अर्ज. आईची सही तेवढी बाकी होती.

झालं होतं असं की मागच्या महिन्यात या घरात दुधाचं पातेलं जळून कोळसा झालं. आई आंघोळीला गेलेली, घर धुरानं भरलेलं. शेजाऱ्यांनी दार बडवून बडवून तिला बाहेर काढलं. थोरलीनं विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "माझ्याच हातून राहिलं गं." थोरलीनं डोक्याला हात लावला. एकटी राहणारी बाई. आज दूध जळलं, उद्या घर जळेल. तिचंही काही चूक नव्हतं. शेवटी आईनं गयावया करून एक संधी मागून घेतली. तुमच्या डोळ्यांदेखत एक पदार्थ करून दाखवते. जमला तर इथेच राहीन, बिघडला तर मुकाट्यानं सही करीन.

आणि पदार्थ तरी कुठला निवडावा? नासपती घातलेलं चीज सँडविच. दुसरी कुणी असती तर चहा करून मोकळी झाली असती. पण तीस वर्षं कारखान्याचं कॅन्टीन चालवलेली बाई ती. सोपं काही करून दाखवणं तिला कमीपणाचं वाटलं. हे सँडविच भलतं नखरेल. फळाला पाणी सुटलं की पावाचा लगदा होतो. आच वाढली की पाव करपतो आणि चीज आत तसंच राहतं. नजर हटली की संपलं.

तिची नजर हटली नाही. फोडी तिनं फडक्यात दाबून कोरड्या केल्या. पावाला बाहेरून लोणी, आत किसलेलं चीज, त्यावर फोडी, वर पुन्हा चीज. तवा मंद आचेवर, वर झाकण. हातांना काम पाठ होतं. चीज कडेनं डोकावलं तसं तिनं आधी बटण फिरवलं, मोठ्यानं "बंद" म्हणाली आणि मगच झाकण उचललं. कॅन्टीनची शिस्त. आधी गॅस, मग झाकण.

सँडविचं दोनच केली होती. एक थोरलीला दिलं, अर्धं धाकट्याला, अर्धं स्वतःला ठेवलं. थोरलीनं एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, मग ताटलीकडे बघत राहिली.

"परीक्षेच्या दिवशी हेच द्यायचीस तू आम्हाला," ती म्हणाली. "मी कळवते त्यांना. आई येणार नाही म्हणून."

आणि फोन घेऊन ती बाल्कनीत गेली. बाहेर गाड्यांचा गोंगाट होता, म्हणून तिनं दारही ओढून घेतलं.

आईला रडूच आलं. खूप दिवसांनी तिला इतकं हलकं वाटलं होतं. तिनं बॅग ओढत आपल्या खोलीत नेली आणि कपडे काढून पुन्हा कपाटात लावायला घेतले. धाकटा दारात आला.

"तुझं अर्धं तसंच राहिलंय. खाणार आहेस का?"

"घे तूच. पण गरम करून घे, गार चीज चिवट लागतं. आणि आधी गॅस, मग झाकण."

"हो गं आई," तो हसला. लायटरचा आवाज तिनं खोलीतून ऐकला. मग त्याचा मोबाइल वाजला, तो बोलत बोलत बाहेरच्या खोलीत गेला, आणि ती घड्या घालत राहिली.

धूर आधी थोरलीनं पाहिला. आई पोचली तोवर तिनं गॅस बंद केला होता. तव्यावरचं अर्धं सँडविच काळंठिक्कर पडलं होतं.

"आई," ती म्हणाली, "हे तुझं होतं ना?"

आईनं धाकट्याकडे पाहिलं. तो सोफ्यावर होता, मोबाइल हातात, चेहरा अगदी साळसूद. लहानपणी काच फोडली की तो असाच बसायचा, आणि काच मग आईच्या हातून फुटलेली असायची. थर्मास, घड्याळ, बाबांचा चष्मा, सगळं तिनंच अंगावर घेतलं होतं. पोरगं भित्रं, मार खाईल म्हणून. ती त्याच्या बोलण्याची वाट बघत राहिली. तो अंगठ्यानं मोबाइल चाळत राहिला.

"मी नाही," आई म्हणाली. हे ती पहिल्यांदाच म्हणत होती. "यानं लावला गॅस. मागच्या महिन्यातलं दूधही यानंच ठेवलं होतं. चहा करतो म्हणाला, मी आंघोळीला गेले, आणि हा तसाच निघून गेला. संध्याकाळी फोनवर म्हणाला, ताईला सांगू नकोस, ती मला फाडून खाईल. म्हणून मी माझ्यावर घेतलं."

धाकट्यानं मान वर केली नाही. "ताई, मी इथून उठलोसुद्धा नाही गं," तो हळूच म्हणाला.

थोरली चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं आईला खुर्चीवर बसवलं, लोण्याचा वास येणारे तिचे हात आपल्या हातांत घेतले आणि लहान मुलाला समजवावं तशा आवाजात म्हणाली,

"मागच्या वेळी निदान कबूल तरी केलं होतंस, आई."