भाजीआडचं झाड

"मावशी, हे झाड कोणी लावलं?"

सेल्विननं कोयत्याचं टोक रोपाकडे रोखलं. गुडघ्याएवढं नीरफणसाचं रोप होतं ते, भाजीच्या दाटीत दडलेलं. नेटीनं टोपली खाली ठेवली.

"मी नाही लावलं," ती म्हणाली.

"मग काय वाऱ्यानं लावलं? या जातीला बी नसतं. पाखरानं टाकलं म्हणायचीही सोय नाही."

कुंपणापलीकडे त्याचा थोरला भाऊ पॅटिसन उभा होता. तो हसला. "मी तेव्हाच म्हटलं होतं. बोट दिलं की हात धरणारी माणसं ही."

हे बोलणं सेल्विनला झोंबलं, कारण बोट त्यानंच दिलं होतं. नेटीच्या बेटावरच्या डोंगरानं राख ओकली आणि माणसं होड्या भरभरून इथं आली, तेव्हा गावाच्या बैठकीत सगळे एकमेकांची तोंडं बघत होते. सेल्विन उठला आणि घरामागचा हा तुकडा त्यानं नेटीला कसायला दिला. अट घालायची गरज नव्हती, ती या बेटांवर शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. पाहुण्यानं भाजी लावावी, रताळी लावावीत, झाड लावू नये. भाजी तीन महिन्यांत ताटात येते, आणि उपटली की जमीन होती तशी मोकळी. झाडाचं तसं नाही. त्याला फळ धरायलाच वर्षं जातात, आणि तोवर लावणाऱ्याची नातवंडं त्याखाली बसून म्हणायला लागतात, हे आमच्या आजीचं.

आणि भाजीनंच तिची चोरी उघडी पाडली होती. बाकीच्या वाफ्यात भेंडीसारख्या बुळबुळीत पानांची ती भाजी नेटीनं ऐसपैस लावली होती. तिला मोकळं ऊन लागतं, एक दिवसाआड खुडावी लागते. ते सगळं नेटी नीट करत होती. फक्त या कोपऱ्यात लागवडीच्या काड्या एकमेकींना खेटून खोचलेल्या. भाजी नुसतीच उंच गेली होती, पानं ताटाएवढी होऊन किड्यांनी चाळण केली होती. खुडलेलं म्हणून एक पान नव्हतं. काल तिच्या नाती कोरडं सुरण खात होत्या, हे सेल्विननं स्वतः पाहिलं होतं. पोरींच्या तोंडची भाजी पडदा म्हणून राखायची, म्हणजे केवढा हा लोभ!

"सगळी भाजी उपटा, बाई," तो म्हणाला. मावशीची बाई झाली. "आजच्या आज. तुकडा मोकळा करा."

नेटीनं मान खाली घातली आणि पहिली काडी उपटली.

सेल्विननं रोपाला हिसका दिला. ते हलेना. संतापून त्यानं बुडाशी मातीत दोन घाव घातले, तसं ते मुळाच्या तुकड्यासकट वर आलं. ते त्यानं भिरकावलं आणि खड्ड्यात पाहिलं. तुटलेलं मूळ खाली जातच नव्हतं. ते आडवं गेलं होतं. मनगटाएवढं जाड, तपकिरी, जुनं.

एवढ्याशा रोपाला एवढं मूळ?

तो माती उकरत निघाला. मूळ वाफ्याखालून गेलं, कुंपणाखालून गेलं. पॅटिसननं पाय बाजूला घेतले. मूळ थेट घरामागच्या काळ्या खुंटाशी जाऊन थांबलं.

सेल्विन जन्मला तेव्हा त्याच्या बापानं त्याची नाळ पुरून तिच्यावर जे नीरफणसाचं झाड लावलं होतं, त्याचा तो खुंट. वादळानं ते आडवं केलं, तेव्हा सेल्विन बुंध्याशी बसून लहान पोरासारखा रडला होता. झाड मेलं म्हणून खुंट त्यानंच जाळला होता. नीरफणसाच्या मुळाला खणताना जखम झाली की तिथून कोंब फुटतो, हे त्याला कळत्या वयापासून माहीत होतं. आज मात्र भावाच्या हसण्यापुढे ते आठवलं नाही.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

तो परत आला तेव्हा वाफा उघडा पडला होता. सांगितल्याप्रमाणे नेटीनं एकही काडी ठेवली नव्हती. तिचे हात कोपरापर्यंत मातीनं भरले होते. भिरकावलेलं रोप जिथं पडलं तिथंच होतं, फक्त त्याच्या मुळावर भाजीची ओली पानं घातलेली होती.

"मावशी," तो म्हणाला. "तुला ठाऊक होतं ना? मग सांगितलं का नाहीस?"

"पाहुणीनं झाडाचं नाव काढलं की लोक म्हणतात, हिची जमिनीवर नजर आहे. म्हटलं, मोठं झालं की तुमचं तुम्हाला दिसेल." ती चार पावलं मागे सरली. "मी हात नाही लावलेला, भाऊ. आत्ताही नाही. पण लगेच लावा, म्हणजे जगेल."

सेल्विननं गुडघे टेकले. कोयता बाजूला ठेवून हातांनीच खड्डा मोठा केला, रोप उभं केलं, माती दाबली. पॅटिसन कुठूनसा पाण्याचा डबा घेऊन आला आणि कुणाकडे न पाहता ठेवून गेला. ऊन डोक्यावर आलं होतं. रोपाची पानं बघता बघता लोंबायला लागली. वर बघायचं, भाजी परत लाव म्हणायचं, एवढं साधं काम सेल्विनला होईना.

मग ढिगातून चार काड्या उचलून, परक्याच्या दाराशी उभं राहून विचारावं तसं नेटीनं विचारलं,

"लहानपणी याला ऊन सोसत नाही, भाऊ. आडोशाला दाट भाजी लागते. तेवढी लावू का?"