दाढांतलं कुलूप

दिगंबर स्वयंपाकघरात कोसळला तेव्हा त्याच्या आजच्या उद्दिष्टातली आठशे पावलं शिल्लक होती. ती पुरी होईपर्यंत दाढांत बसवलेलं कुलूप उघडणार नव्हतं. आठवड्याला अर्धा किलो चरबी उतरवायची म्हणून त्यानं हौसेनंच ते बसवून घेतलं होतं. आता रक्तातली साखर उतरून तो घामानं निथळत होता आणि मंदाकिनीनं तोंडाला लावलेलं साखरेचं पाणी मिटल्या दातांवरून गळ्यावर ओघळत होतं.

“कुलपाचे कंपनीवाले काय म्हणतात?” तिनं फोन कानाला लावलेल्या मुलीला विचारलं.

“आधी पावलं पुरी करा म्हणतात,” ऋतुजा म्हणाली.

मंदाकिनीनं खलातला बत्ता उचलला. “यांचं डोकं घट्ट धर.”

तिसऱ्या घावाला पुढचे दात तुटले. रक्तानं भरलेल्या त्या फटीतून तिनं साखरेचं पाणी थोडं थोडं सोडलं. दिगंबर गुरासारखा ओरडला, ठसकला आणि मग गिळू लागला. काही वेळानं त्यानं बायकोला ओळखलं.

मंदाकिनी बत्ता धुवायला उठली. ऋतुजा जागची हलली नाही. लग्न ठरल्यावर सासरच्यांनी तिच्याही दाढांत तसंच कुलूप बसवायला लावलं होतं.

“आई, तो बत्ता इकडे दे,” ती मिटल्या दातांनीच म्हणाली.